साडेसात तासांचं रील कोण बघणार?

पाटणच्या एसटी स्टँडवर दहा जणांना विचारा, ‘क्रिकेटपटूंची नावं सांगा.’ नऊ जण अख्खी टीम म्हणून दाखवतील, दहावा राखीव खेळाडूंसकट सांगेल. ‘पैलवान सांगा’ म्हटलं तर वाद पेटेल आणि तुमची कराड गाडी चुकेल. आता ‘ट्रायथलीट सांगा’ म्हणून बघा. एखादा शेतकरी गंभीरपणे विचारील, ‘ते कुठल्या किडीवर मारायचं?’

यात पाटणकरांचा काही दोष नाही. पुण्या-मुंबईतही उत्तर फार वेगळं येणार नाही. माणसाचा कस पाहणारा हा खेळ मोबाइलच्या पडद्यावर मात्र शेवटच्या बाकावर बसलेला आहे. का, ते बघू. वाटेत सातारा-सांगलीचे आपले गडीही भेटतील.

आधी खेळ काय, ते

एका दमात तीन खेळ: पोहायचं, सायकल हाणायची, मग पळायचं. ऑलिम्पिकमध्ये दीड, ४० आणि १० किलोमीटर. आयर्नमॅन नावाच्या थोरल्या शर्यतीत ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर. पाटणच्या हिशेबात मांडायचं तर ५० मीटरच्या तलावात ७६ वेळा लांबी कापायची, ओल्या अंगानं सायकलवर बसून उंब्रजमार्गे जवळपास पुणं गाठायचं, आणि तिथं सायकल टाकून पाटण ते कराड एवढं पळायचं. तरी थोडं उरतंच. मुदत साधारण १७ तासांची.

खरं तर सगळं साहित्य आपल्या तालुक्यात तयार आहे. पोहायला शिवसागर, सायकलला कुंभार्ली घाट, पळायला सडावाघापूरचं पठार. (परवानगी कोण देणार, ते मात्र विचारू नका.) पोहण्याचा टप्पा सांगलीत कृष्णेच्या पात्रात तेवढा ठेवू नये. तिथं मगरी आहेत. पोहण्याचे विक्रम धडाधड मोडतील, पण सायकलीपर्यंत किती जण पोचतील याची हमी नाही.

गणित जमत नाही, ते असं

उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला शंभर मीटर ९.५८ सेकंदांत मारले. दीड मिनिटाच्या एका रीलमध्ये ती शर्यत नऊ वेळा दाखवता येते. २०२४ मध्ये जर्मनीच्या पॅट्रिक लांगेनं हवाईतल्या कोना इथली आयर्नमॅन जागतिक स्पर्धा विक्रमी वेळेत जिंकली: ७ तास ३५ मिनिटं ५३ सेकंद. ती पूर्ण दाखवायची तर तसली तीनशेहून जास्त रील्स लागतील, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांत एक माणूस मान खाली घालून सायकल चालवताना दिसेल. अंगठा वर सरकणारच.

आकड्यांची चटणी

विराट कोहलीचे इन्स्टाग्रामवर २७ कोटींहून अधिक फॉलोअर्स. पाकिस्तानची लोकसंख्यासुद्धा एवढी नाही.

रोनाल्डोचे ६० कोटींहून अधिक. त्याच्यापुढे कोहलीही मधल्या फळीतला.

सांगलीच्या माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाचे एक कोटीहून अधिक. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून साधारण ५८ लाख माणसं होतात. म्हणजे तान्ही पोरं आणि फोन न वापरणाऱ्या आज्या धरून दोन्ही जिल्ह्यांनी फॉलो केलं, तरी स्मृतीच्या आकड्यात बरीच जागा रिकामीच राहील.

आणि ट्रायथलॉन? त्यातल्या जगज्जेत्यांचं घोडं काही लाखांतच अडतं. ऑलिम्पिक सुवर्ण गळ्यात असलं तरी.

नीरज चोप्राचं उदाहरण या सगळ्यात वेगळं. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकआधी त्याच्या इन्स्टाग्रामवर लाख-दीड लाख माणसं होती. भाला ८७.५८ मीटरवर पडला आणि काही दिवसांत आकडा तीस लाखांच्या पुढे गेला. भाल्याला हवेत राहायला लागतात चारेक सेकंद. रीलसाठी याहून सोयीचा खेळ देवानंही बनवला नसता.

आपला सगळ्यात गाजलेला आयर्नमॅन व्यावसायिक खेळाडू नाहीच

भारतात कुणालाही एक ट्रायथलीट आठवायला सांगितला की नाव येतं मिलिंद सोमण. १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’च्या व्हिडिओत लाकडी पेटीतून बाहेर आलेला तो देखणा मराठी माणूस तरुणपणी राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू होता, हे पुष्कळांना नंतर कळलं. जुलै २०१५ मध्ये, पन्नाशीला काही महिने उरले असताना, त्यानं झुरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. देशभर बातमी झाली. ती शर्यत जिंकली कोणी, हे त्या दिवशी इथं कुणी विचारलं नाही. विजेता घरी जाऊन, अंघोळ करून, जेवून झोपलासुद्धा असेल तेव्हा आपला हिरो पळत होता, आणि सगळे फोटो हिरोचे. २०१७ मध्ये सोमणनं फ्लोरिडात अल्ट्रामॅनही उरकली, तीन दिवसांत ५१७ किलोमीटर. तेव्हाही चर्चा जास्त झाली ती त्याच्या अनवाणी पायांची. नंतर लोकप्रियतेत त्याला घरातूनच तगडी स्पर्धा आली. साडी नेसून त्याच्याबरोबर धावणाऱ्या उषाताई सोमण, त्याच्या आई!

दुसरं नाव सैयामी खेरचं. नाशिकची पोरगी, जुन्या मराठी चित्रपटांतल्या उषा किरण यांची नात, ‘घूमर’ची नायिका. सप्टेंबर २०२४ मध्ये तिनं जर्मनीत आयर्नमॅन ७०.३ पूर्ण केली आणि जुलै २०२५ मध्ये स्वीडनला जाऊन पुन्हा एकदा. (७०.३ म्हणजे अर्धी आयर्नमॅन. आकडा मैलांचा आहे, किलोमीटरमध्ये ११३ भरतात.)

तिसरे गणवेशातले. कृष्ण प्रकाश सांगलीचे पोलीस अधीक्षक होते, हे सांगली-मिरजेत अजून आठवणीत आहे. २०१७ मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये आयर्नमॅन पूर्ण केली आणि ‘आयर्नमॅन साहेब’ हे बिरूद त्यांना चिकटलं ते कायमचं. त्यानंतर राज्यातल्या पोलीस अधिकाऱ्यांत या शर्यतीची साथच आली.

चौथे खासदार. ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याची आयर्नमॅन ७०.३ बंगळूरचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी साडेआठ तासांच्या आत संपवली. खुद्द पंतप्रधानांनी जाहीर पाठ थोपटली. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर २०१९ पासून ही शर्यत होते. पहिल्याच वर्षी पुरुषांत पहिला आला होता सेनादलाचा बिश्वोरजित सायखोम. त्याचं नाव तुम्ही आत्ता पहिल्यांदा वाचत असाल, तर एकटे नाही आहात.

आता या यादीत पुण्याचे कौस्तुभ राडकर कुठं बसतात, ते पाहा. पूर्ण आयर्नमॅन वीसहून अधिक वेळा पुरी केलेला हा माणूस, शिवाय कित्येकांना तयार करणारा प्रशिक्षक. फॉलोअर्सच्या शर्यतीत ते नट, मॉडेल आणि खासदारांच्या बरेच मागे. अहमदाबादची प्रज्ञा मोहन ही भारताची अव्वल ट्रायथलीट, वर चार्टर्ड अकाउंटंट. तिला जाहिरातीत पाहिल्याचं आठवतं का कुणाला?

मला यातलं सरळ गणित असं दिसतं: या खेळात जो आधीच प्रसिद्ध असतो तोच प्रसिद्ध होतो. चेहरा आधी ओळखीचा लागतो, घाम नंतर मोजला जातो.

रांगत आली आणि खेळ गाजवून गेली

दुसरा मार्ग आहे. पडायचं. पण पडण्याची वेळ अचूक साधली पाहिजे.

फेब्रुवारी १९८२, हवाई. ज्युली मॉस ही कॉलेजातली मुलगी पदवीच्या अभ्यासाचा भाग म्हणून आयर्नमॅनमध्ये उतरली होती. शेवटच्या टप्प्यात सगळ्या बायकांच्या पुढे होती. रेषा अगदी दिसायला लागली आणि पाय गेले. उठली, पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. शेवटच्या काही मीटरांवर कॅथलीन मकार्टनी तिला ओलांडून गेली आणि जिंकली. मॉसला ते कळलं की नाही कोण जाणे. ती हातापायांवर रांगत निघाली आणि २९ सेकंदांनी तिनं रेषेवर हात टेकवला. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीनं ते दाखवलं आणि कधी नाव न ऐकलेल्या या खेळाकडे माणसांची रीघ लागली. इंटरनेट घरोघरी यायला अजून बारा-पंधरा वर्षं होती. मकार्टनी जिंकली, हे सांगायला आजही थांबावं लागतं.

सप्टेंबर २०१६, मेक्सिकोतलं कोझुमेल. यॉर्कशरचा जॉनी ब्राउनली पहिला होता. शेवटच्या काही शे मीटरांत उन्हानं झिंगल्यासारखा भेलकांडायला लागला. मागून आला सख्खा थोरला भाऊ अ‍ॅलिस्टर, २०१२ आणि २०१६ चा ऑलिम्पिक विजेता. त्यानं आपली शर्यत सोडून धाकट्याला खांद्याला धरलं, ओढत नेलं आणि रेषेपलीकडे ढकललं; स्वतः मागून गेला. दोघांच्या आधी दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन केव्हाच जिंकून उभा होता. जगानं व्हिडिओ पाहिला तो भावांचा. अ‍ॅलिस्टरच्या दोन सुवर्णपदकांना मिळून जेवढी माणसं ओळखत नसतील, तेवढी त्या ढकलण्याला ओळखतात.

नॉर्वेचा क्रिस्तियन ब्लुमेनफेल्ट २०२१ मध्ये टोकियोत सुवर्णपदक जिंकला. तरी समाजमाध्यमांवर बोलबाला झाला तो त्याच्या पोशाखाचा, कारण भिजल्यावर तो नको तितका पारदर्शक दिसत होता. सोन्याकडे लक्ष गेलं ते त्यानंतर.

आणि अगदी पहिली आयर्नमॅन? १८ फेब्रुवारी १९७८, पंधरा जण उतरले, बारा पोचले. जिंकला गॉर्डन हॅलर. दुसरा आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. या खेळातल्या मंडळींत जास्त वेळा सांगितली जाते ती बिअरची गोष्ट.

हरून सांगणारा

न रांगता, न भेलकांडता लोकप्रिय झालेला एक गडी आहे. कॅनडाचा लायनल सँडर्स. कोनाची जागतिक स्पर्धा त्यानं कधी जिंकलेली नाही. २०१७ ला दुसरा आला. तरुणपणी अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेला, पळत सुटून त्यातून बाहेर आलेला. तो करतो काय, तर यूट्यूबवर येऊन आपण कुठं हरलो, का हरलो, उद्या काय करणार, हे सांगतो. घरातल्या घरात घाम गाळताना त्याला लोक तासन्‌तास बघतात. त्याला हरवणाऱ्या कित्येकांपेक्षा त्याचा प्रेक्षक जास्त निष्ठावान आहे. आपल्याकडच्या खेळाडूंनी यातून शिकण्यासारखं आहे, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे हरलेला खेळाडू फोन बंद करून गावी जातो.

जर्मनीच्या यान फ्रोडेनोची युक्ती वेगळी. एप्रिल २०२०, जग कुलूपबंद. स्पेनमधल्या हिरोनातल्या घरी त्यानं एकट्यानं अख्खी आयर्नमॅन केली: उलट्या प्रवाहाच्या छोट्या तलावात जागच्या जागी पोहला, स्टँडवर सायकल चालवली, ट्रेडमिलवर मॅरेथॉन पळाला. ८ तास ३३ मिनिटं, आणि सगळं थेट प्रक्षेपण. मदतनिधीत दोन लाख युरोंहून अधिक जमले. कुठंही न गेलेला माणूस इतका वेळ बघायला लोक बसले, याचं श्रेय लॉकडाउनला किती द्यायचं ते तुम्ही ठरवा.

आपल्या गल्लीतले जगज्जेते

आता घरचा मामला. प्रसिद्धीच्या बाबतीत सातारा-सांगलीच्या खेळाडूंचं नशीब फार चमत्कारिक आहे.

५ ऑगस्ट २०२३, बर्लिन. साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेती झाली, अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुण. त्याच दिवशी पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेता झाला, १५० पैकी १५०. दोघंही तयार झाले साताऱ्यात, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली, उसाच्या शेताच्या जागेवर उभ्या राहिलेल्या अकादमीत. एका दिवसात एका अकादमीचे दोन जगज्जेते! ही गोष्ट क्रिकेटमध्ये घडली असती तर त्या उसाच्या कांड्यासुद्धा लिलावात गेल्या असत्या.

सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची पान-चहाची टपरी. ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचं पहिलं पदक त्यानं उचललं: २४८ किलो, रौप्य. सुवर्ण हुकलं ते एका किलोनं, तेही कोपर दुखावल्यावर. देश त्याचं नाव शोधायला लागला तोवर संध्याकाळी मीराबाई चानूनं सुवर्ण जिंकलं. झालं, संकेतची बातमी एका दिवसाचीही राहिली नाही.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय बाई ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पळत होती! दहावी आली. ‘माणदेशी एक्सप्रेस’ आता राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी आहे. दुष्काळी माणमध्ये पळून मोठी झालेल्या पोरीला रील करायला वेळ कुठला.

आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्य आणलं. तीन आठवड्यांपूर्वी संपलेल्या ऑलिम्पिकमधल्या एका ब्रेकडान्सर बाईचे व्हिडिओ तेव्हाही जोरात फिरत होते. ऑस्ट्रेलियाच्या त्या ‘रेगन’ला तिन्ही लढतींत मिळून शून्य गुण होते.

पॅरिसचा विषय निघाला म्हणून: खिशात हात घालून, साध्या चष्म्यानं नेम धरणारा तुर्कीचा युसुफ दिकेच आठवतो ना? तो रौप्यविजेता. त्याच प्रकारात कांस्य मनू भाकर आणि सरबजोत सिंगनं आणलं होतं. जगाला मात्र तो खिशातला हात आवडला. आणि दोन दिवसांनी कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं रायफलमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा निम्मा महाराष्ट्र एकमेकांना एकच गोष्ट सांगत होता: हासुद्धा रेल्वेत टीसी, धोनीसारखा! पदक बाजूला, टीसी पुढे.

खाशाबा गूगलवर

व्हायरल होण्यात सगळ्यात मोठी मजल मारली ती आपल्याच शेजाऱ्यानं, आणि त्यासाठी त्याला ७० वर्षं थांबावं लागलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, म्हणून वर्गणी निघाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण टाकून सात हजार उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं आणि गावाकडं त्यांची मिरवणूक निघाली ती दीडशेच्या आसपास बैलगाड्यांची. त्या काळात याहून मोठी पोस्ट नव्हती. पुढं सरकारदरबारी शांतता. १९८४ मध्ये अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. मग १५ जानेवारी २०२३ ला, त्यांच्या ९७ व्या जन्मदिनी, गूगलनं आपल्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं. त्या दिवशी ‘हे कोण?’ म्हणून बोट दाबणाऱ्यांत महाराष्ट्रातलीही माणसं भरपूर असणार. २०२४ पासून राज्य सरकार हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं.

बर्म्युडाची फ्लोरा

ट्रायथलॉनला गावानं डोक्यावर घेतल्याचं एक उदाहरण तरी सांगितलं पाहिजे. अटलांटिकमधलं बर्म्युडा हे बेट. माणसं साधारण ६४ हजार. आपल्या पाटण तालुक्याच्या पाव भागाहूनही कमी. तिथल्या फ्लोरा डफीनं टोकियोत महिलांची ट्रायथलॉन जिंकली. बर्म्युडाचं ते ऑलिम्पिकमधलं पहिलंवहिलं सुवर्णपदक. तिथं स्टँडवर कुणालाही ट्रायथलीटचं नाव विचारा!

पाटणचे खरे स्टार

इंटरनेटवर पाटण तालुक्यातला सगळ्यात मोठा तारा खेळाडू नाही, माणूसही नाही. तो आहे सडावाघापूरचा उलटा धबधबा. पावसाळ्यात दरीतून असा वारा सुटतो की खाली पडणारं पाणी परत पठारावर फेकलं जातं. दहा सेकंदांत विषय संपतो, बोलावं लागत नाही, आणि बघणाऱ्याची छत्री उलटी होते ती वेगळी.

दुसरा तारा चार पायांचा. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींचा रस्ता पक्का मोकळा केला आणि आता या पट्ट्यातल्या पोरांच्या स्टेटसवर बैलच धावतायत. ‘बकासूर’ म्हटलं की महाभारत नव्हे, मैदान आठवतं. काही सेकंदांची धाव, धुरळा, आरोळी, वर गाणं. बोल्टचा हिशेब इथंही लागू.

आणि आपली स्वतःची ट्रायथलॉनही आहे बरं. पहाटे कराड-चिपळूण रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं कधी पाहा. पोलीस भरतीची मैदानी चाचणी: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर, मग गोळाफेक. तीन प्रकार, एकूण ५० गुण. यात पोहणं नाही आणि सायकलही नाही, पण प्रेक्षक पक्के आहेत: गोळा कसा धरायचा, शेवटच्या फेरीत दम कसा राखायचा, हे सांगणारे भरती अकादम्यांचे व्हिडिओ गावोगावी पाहिले जातात आणि पाहणारा दुसऱ्या दिवशी पाचला उठून तसं करूनही बघतो. कोहलीच्या २७ कोटींपैकी किती जण सकाळी उठून बॅट धरतात?